कोरोल्योव्ह वाचले असते तर? ‘फॉर ऑल मॅनकाइंड’चा तांत्रिक हिशेब

मंडळी, आजचा विषय एक टीव्ही मालिका आहे, पण कथानक रंगवून सांगायचा माझा विचार नाही. ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांची थोडी रसहानी होईल, तेवढी आधीच माफी मागून ठेवतो. ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲपल टीव्हीवर सुरू झाली. कर्ते तिघे: रोनाल्ड मूर, मॅट वोल्पर्ट आणि बेन नेडिव्ही. मालिका एका थापेने सुरू होते. २६ जून १९६९, चंद्रावर पहिला माणूस उतरतो आणि तो असतो सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह. इथून पुढचा इतिहास वेगळा. अमेरिका शर्यत सोडत नाही, १९७३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ तळ उभा राहतो, पुढे मंगळ वगैरे.

कर्त्यांनी या थापेमागचं कारणही सांगितलं आहे. सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव्ह १९६६ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावले नाहीत, वाचले. बदल एवढा एकच, बाकी सगळं त्यातून आपोआप. ही विज्ञानकथेतली सर्वांत प्रामाणिक रीत आहे: एक गृहीत मागून घ्यायचं आणि पुढे फसवायचं नाही. म्हणून मालिकेला त्याच अटीवर तपासू. गृहीत दिलं. पुढचं निघतं का?

खरे कोरोल्योव्ह १४ जानेवारी १९६६ ला मॉस्कोत वारले. शस्त्रक्रिया स्वतः आरोग्यमंत्री बोरिस पेत्रोव्स्की करत होते. १९३८ च्या अटकेनंतर छळछावणीत जबड्याला झालेल्या इजेमुळे भुलीची नळी घालणं अवघड गेलं, असं सांगितलं जातं. त्यांच्या मागे काम आलं वासिली मिशिन यांच्याकडे. मिशिन चांगले इंजिनियर होते, पण मंत्री, लष्कर आणि भांडखोर कारखाने यांना एका दावणीला बांधणं त्यांना जमलं नाही. इथवर मालिकेचं म्हणणं पटतं. पण चंद्रावर जायचं म्हणजे शेवटी रॉकेट लागतं, आणि सोव्हिएत रॉकेटचं नाव होतं एन-१. गृहीताची खरी परीक्षा तिथेच आहे.

एन-१ ची उंची सुमारे १०५ मीटर, बुडाचा व्यास १७ मीटर, उड्डाणाच्या वेळी वजन पावणेतीन हजार टनांच्या आसपास. पहिल्या टप्प्याला तीस इंजिनं: चोवीस बाहेरच्या कड्यात, सहा मध्यभागी. प्रत्येकाचा रेटा साधारण १५४ टन. अमेरिकेच्या सॅटर्न-५ ला पहिल्या टप्प्यात फक्त पाच एफ-१ इंजिनं, प्रत्येकी ६८० टनांच्या घरातली. सोव्हिएतांनी तीस का घेतली? कारण मोठी इंजिनं बनवणारे व्हालेंतिन ग्लुश्को आणि कोरोल्योव्ह यांचं इंधनावरून फाटलं होतं. ग्लुश्कोंना हायड्रॅझिनच्या जातीचं, टाकीत महिनोन्‌महिने टिकणारं, एकत्र येताच आपोआप पेटणारं इंधन हवं होतं. कोरोल्योव्ह म्हणत, ते विष आहे, माणसं बसवायच्या रॉकेटला नको. केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनच घ्या. ग्लुश्को हटले नाहीत. मग कोरोल्योव्ह गेले कुइबिशेवच्या निकोलाय कुझ्नेत्सोव्ह यांच्याकडे. त्यांचा हात विमानांच्या इंजिनांवर बसलेला. त्यांनी एनके-१५ हे फार कार्यक्षम इंजिन केलं, पण आकाराने लहान. म्हणून तीस.

तीस इंजिनं ही स्वतःहून काही चूक नव्हे. आज तेहतीस इंजिनांचा टप्पा उडतो आहे. चूक होती ती तपासण्याच्या पद्धतीत. एनके-१५ च्या झडपा बारुदाच्या स्फोटाने उघडायच्या, म्हणजे एकदाच. एकदा चालवून पाहिलेलं इंजिन पुन्हा वापरता येत नसे. म्हणून सहाच्या घाण्यातून दोन काढायची, ती जाळून पाहायची, ठीक निघाली तर उरलेली चार रॉकेटला बसवायची. काडेपेटीतल्या दोन काड्या ओढून बाकीच्यांची खात्री धरण्यासारखं हे आहे. शिवाय पूर्ण पहिला टप्पा, तीसही इंजिनांसकट जमिनीला जखडून पेटवायचा, असा चाचणी-मंचच बांधला नव्हता. एवढा मोठा टप्पा रेल्वेने नेता येत नव्हता, तो बैकोनूरच्या प्रक्षेपणतळावरच जोडायचा. तिथे तसा मंच बांधायचा तर पैसा हवा आणि वर्षं हवीत. सोव्हिएत सरकारचा चंद्रावर उतरण्याचा ठराव झाला ३ ऑगस्ट १९६४ ला. केनेडींनी अमेरिकेच्या संसदेत घोषणा केली होती २५ मे १९६१ ला. तीन वर्षं आणि वर दोन महिने मागे असलेल्या माणसाला मंचासाठी वेळ कुठून आणायचा?

आता परिणाम पाहा. पहिलं उड्डाण २१ फेब्रुवारी १९६९. इंजिनांवर लक्ष ठेवणारी ‘कोर्द’ नावाची स्वयंचलित यंत्रणा होती. तिने सुरुवातीलाच चुकीच्या संकेतावरून दोन इंजिनं बंद केली. रॉकेट तरीही वर गेलं, कारण तेवढी सूट रचनेत धरलेली होती. मग कंपनांनी नळ्या तुटल्या, शेपटीत आग लागली, आणि सुमारे ६९ व्या सेकंदाला कोर्दने सगळीच इंजिनं बंद करून टाकली. दुसरं उड्डाण ३ जुलै १९६९ च्या रात्री. आठ नंबरच्या इंजिनाचा ऑक्सिजन पंप फुटला, कोर्दने एक सोडून सगळी इंजिनं थांबवली, आणि पूर्ण भरलेलं रॉकेट परत लाँचपॅडवर कोसळलं. पॅड उद्ध्वस्त. तिसऱ्या वेळी, जून १९७१ मध्ये, तीसही इंजिनं नीट चालली. पण तीस झोतांच्या मधल्या हवेतल्या भोवऱ्यांनी रॉकेटला स्वतःभोवती असं फिरवलं की ते थांबवणाऱ्या छोट्या नळ्यांचं बळ कमी पडलं. २३ नोव्हेंबर १९७२ ला चौथं. हे सर्वांत चांगलं गेलं. पहिला टप्पा संपायला काही सेकंद उरले असताना मधली सहा इंजिनं ठरल्याप्रमाणे बंद केली, वाहतं इंधन झटक्यात अडलं, त्या धक्क्याने नळ्या फुटल्या आणि १०७ व्या सेकंदाला स्फोट झाला.

चारही अपघातांत एक धागा आहे. पंपाची खराबी, नळ्यांची कंपनं, इंजिनं एकदम बंद केल्यावर बसणारा धक्का, हे सगळं पूर्ण टप्पा जमिनीवर पेटवला असता तर बहुतेक तिथेच दिसलं असतं. हवेतले भोवरे तेवढे दिसले नसते. अमेरिकेने सॅटर्न-५ चे बहुतेक पहिले टप्पे न्यू ऑर्लिन्सजवळ बांधले, आणि प्रत्येक टप्पा जखडून पेटवून पाहिला आणि मग तराफ्यावरून फ्लोरिडाला पाठवला. सॅटर्न-५ तेरा वेळा उडालं आणि एकदाही पहिल्या टप्प्याने दगा दिला नाही.

मंच न बांधण्याचा निर्णय मिशिन यांचा नव्हता. तो कोरोल्योव्ह यांच्याच कारकिर्दीतला. त्यांचे चाचणीप्रमुख लिओनिद वोस्क्रेसेन्स्की मंच हवाच म्हणून भांडले, आणि डिसेंबर १९६५ मध्ये, कोरोल्योव्ह यांच्या महिनाभर आधी, गेले. मालिकेच्या कर्त्यांना माझं सांगणं असतं तर एवढंच: माणूस वाचवायचाच होता तर वोस्क्रेसेन्स्कींना वाचवायचं, आणि कोरोल्योव्हना त्यांचं ऐकायला लावायचं. त्याने नाट्य कमी झालं असतं हे कबूल. उड्डाण-चाचणीप्रमुखाच्या स्मारकापाशी कोण उभं राहतं?

आता तारीख पाहा. मालिकेतला लिओनोव्ह २६ जूनला उतरतो. म्हणजे रॉकेट २१-२२ जूनला निघायला हवं. खऱ्या इतिहासात तोवर एन-१ चं एकच उड्डाण झालं होतं, तेही मिनिटभराचं; आणि मालिकेतल्या विजयानंतर बरोबर आठवड्याने खरं रॉकेट पॅडवर पडलं. कोरोल्योव्ह असते तर १९७१ किंवा ७२ मध्ये एन-१ उडवलं असतं, हे मी मान्य करीन. कुझ्नेत्सोव्ह यांनी नंतर केलेलं एनके-३३ हे पुन्हा पुन्हा पेटवता येणारं इंजिन इतकं चांगलं निघालं, की कार्यक्रम गुंडाळल्यावर गोदामात राहिलेली इंजिनं १९९० च्या दशकात अमेरिकेने विकत घेतली आणि २०१३ मध्ये अंतारेस रॉकेटला लावून उडवली. (त्यातलं एक ऑक्टोबर २०१४ मध्ये फुटलं. चाळीस वर्षं जुना पंप, दुसरं काय.) पण १९६९ चा जून? तो नाही मिळत.

समजा मिळाला. मग लिओनोव्हने नेमकं काय काय केलं असतं? मालिका हे दाखवत नाही, कारण ती अमेरिकन टीव्हीसमोर बसलेली असते. पण या भागातच खरी थरारकथा आहे. सोव्हिएत बेतात माणसं दोनच. चंद्राभोवती पोचल्यावर एकजण कक्षायानात राहायचा. दुसऱ्याला उतरणाऱ्या यानात जायला आतून बोगदा नव्हता. त्याने चंद्रपोशाख चढवून, दार उघडून, उघड्या अंतराळातून बाहेरून जायचं. उतरणारं यान, ‘एलके’, साधारण साडेपाच टनांचं. अमेरिकन लँडर त्याच्या जवळजवळ तिप्पट. वेग मारायचं बहुतेक काम ‘ब्लॉक-डी’ नावाच्या वेगळ्या टप्प्याने करायचं, आणि पृष्ठभागापासून थोड्या उंचीवर तो टाकून द्यायचा. तो मग पलीकडे कुठेतरी आदळणार. तिथून पुढे एलकेचं स्वतःचं इंजिन. मुख्य आणि राखीव दोन्ही एकदम पेटवायची, मुख्य नीट चाललं असं दिसलं की राखीव बंद. तरंगत राहून जागा शोधायला मिनिटभरही हाती नाही. आर्मस्ट्राँग यांनी खड्डा टाळून पुढे नेलं ते आठवा. इथे तेवढी मुभा नाही. पाय टेकताच पायांवरची छोटी रॉकेटं वरच्या दिशेने झोत सोडून यानाला जमिनीवर दाबून धरणार. मग लिओनोव्ह एकटा बाहेर. पोशाखाच्या कमरेला एक कडं ठेवलं होतं, पाठीवर पडला तर लोळून उठता यावं म्हणून. उठवायला दुसरा कुणी नाही ना!

परतताना त्याच इंजिनाने वर. म्हणजे उतरताना इंजिनाला काही इजा झाली तर मागे दुसरं इंजिन तेवढं. जोडणी सोपी ठेवली होती: एलकेच्या डोक्यावर मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांची सपाट चकती, त्यातल्या कुठल्याही छिद्रात कक्षायानाचा दांडा घुसला की झालं. आणि पुन्हा अंतराळातून बाहेरून चालत, दगडांची पेटी हातात घेऊन, कक्षायानात. एलके १९७०-७१ मध्ये पृथ्वीभोवती माणसाशिवाय तीन वेळा तपासलं गेलं आणि तिन्ही वेळा नीट चाललं. सोव्हिएत कार्यक्रमातला हा भाग तयार होता, रॉकेट नव्हतं.

पहिल्या भागात एक पात्र चडफडतं, की अपोलो-१० चंद्राच्या इतक्या जवळ जाऊन आलं, आम्ही तेव्हाच उतरलो असतो. हा संवाद ऐकायला झकास आहे. खऱ्या अपोलो-१० चं लँडर २२ मे १९६९ ला पृष्ठभागापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास आलं होतं. पण ते उतरून परतण्याच्या मानाने जड होतं आणि परतीच्या टप्प्यात इंधन पूर्ण भरलेलं नव्हतं. उतरले असते, राहिले असते. मालिका हे जाणूनही पात्राला बोलू देते असं माझं मत आहे, कारण चडफडणारा माणूस वजनाचा तक्ता काढून बसत नाही.

स्त्रियांच्या कथानकाबद्दल थोडक्यात. मालिकेत दुसरी सोव्हिएत मोहीम एका बाईला चंद्रावर उतरवते आणि निक्सन घाईघाईने स्त्रियांची भरती करवतात. याला पक्का आधार आहे. १९६०-६१ मध्ये जेरी कॉब आणि आणखी बारा महिला वैमानिक अल्बुकर्कच्या लव्हलेस क्लिनिकमध्ये पुरुष अंतराळवीरांच्याच वैद्यकीय चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या. नासाची अट होती, लष्करी जेट विमानांचा चाचणी-वैमानिक हवा. आणि लष्कर बायकांना त्या शाळेत घेतच नव्हतं. कुलूप एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे. जुलै १९६२ मध्ये संसदेच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, निष्पन्न काही नाही. सोव्हिएत तेरेश्कोव्हा १९६३ मध्ये अंतराळात गेल्या, अमेरिकेच्या सॅली राइड १९८३ मध्ये. या बाबतीत मालिकेतलं एकही यंत्र नव्याने शोधावं लागत नाही. सही करणारा हवा होता.

आता बर्फाकडे येऊ. मालिकेत १९७१ चं अपोलो-१५ शॅकल्टन विवराच्या काठाशी उतरतं, मालिकेतली अंतराळवीर मॉली कॉब विवराच्या भिंतीवरून दोराने खाली जाते आणि बर्फ सापडतो. ही कल्पना कुठून आली? १९६१ मध्ये वॉटसन, मरी आणि ब्राउन यांनी गणित मांडलं होतं, की ध्रुवांजवळच्या ज्या खड्ड्यांत ऊन कधीच पोचत नाही तिथे पाण्याचा बर्फ अब्जावधी वर्षं टिकू शकेल. म्हणजे मालिकेतल्या लोकांना तिथे बघावंसं वाटणं अगदी शक्य आहे. पण तिथे अपोलो नेणं?

अपोलो चंद्राच्या विषुववृत्ताच्या आसपास उतरत असे, त्याला कारणं होती. उतरताना सूर्य क्षितिजावर ५ ते १४ अंशांच्या दरम्यान हवा, म्हणजे खड्ड्यांच्या सावल्या पडतात आणि जमीन वाचता येते. ध्रुवावर सूर्य दीड अंशाच्या वर येतच नाही. सावल्या किलोमीटर-किलोमीटर लांब आणि काळ्या ठिक्कर. पृथ्वीही क्षितिजाला टेकलेली, मध्ये एखादी टेकडी आली की रेडिओ बंद. एक गोष्ट मात्र ध्रुवाच्या बाजूची: कक्षायान ध्रुवावरून जाणाऱ्या कक्षेत असेल तर दर फेरीला ते तळाच्या डोक्यावरून जातं, वर येऊन गाठणं सोपं. पण घरी परतणं अवघड. ती कक्षा अंतराळात आपल्या जागी स्थिर राहते आणि चंद्र पृथ्वीभोवती फिरत राहतो, त्यामुळे परतीची दिशा कक्षेशी जुळण्याची वेळ साधारण पंधरा दिवसांनी येते. मध्येच कुणी आजारी पडलं तर कक्षा वळवायला जादा इंधन लागणार, आणि अपोलोकडे ते नव्हतं.

शॅकल्टन विवर २१ किलोमीटर रुंद, चार किलोमीटरच्या वर खोल, भिंतीचा उतार तीस अंशांच्या आसपास. म्हणजे काठापासून तळापर्यंत उतारावरचं अंतर आठ किलोमीटर. दोराने तळ गाठता येणार नाही. मॉली फार तर वरच्या सावलीपर्यंत जाईल. गंमत अशी, की जपानच्या कागुया यानाने याच विवराच्या आतले फोटो घेतले, त्यात उघडा पांढरा बर्फ दिसला नाही. बर्फ असला तर मातीत मिसळलेला. भारताच्या चांद्रयान-१ ने १४ नोव्हेंबर २००८ ला आपला आघातक नेमका शॅकल्टनच्या परिसरात टाकला होता, आणि त्याच यानावरच्या नासाच्या उपकरणाला चंद्रावर पाण्याच्या खुणा दिसल्याचं सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झालं. मालिकेतल्या शोधाचा खरा जोडीदार हा. पुढच्याच महिन्यात, ९ ऑक्टोबर २००९ ला, नासाच्या एलक्रॉस मोहिमेने रिकामा रॉकेट-टप्पा कॅबेयस विवरात आदळवला. उडालेल्या मातीत वजनाने सुमारे साडेपाच टक्के पाणी निघालं.

त्यावरून तळाचा हिशेब करू. एक टन पाणी हवं तर, काहीही वाया गेलं नाही असं धरूनही, अठरा टन माती तापवावी लागेल. ती माती उणे १८० अंशांना, दगडासारखी कडक. तिथे वंगण गोठतं, ऊन नाही, म्हणजे वीज काठावरून केबलने आणायची. पाणी मिळालं की वीज सोडून त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायचे. आदर्श स्थितीत किलोला साडेचार युनिट वीज, प्रत्यक्षात साडेपाच धरा. टनाला साडेपाच हजार युनिट. दहा किलोवॅटचे सौर पंखे असतील तर तेवीस दिवस दुसरं काही चालवायचं नाही. हाती येणार ११० किलो हायड्रोजन आणि ८९० किलो ऑक्सिजन. रॉकेट-इंजिन हायड्रोजनच्या सहापट ऑक्सिजन घेतं, पाण्यात तो आठपट असतो, म्हणून २३० किलो ऑक्सिजन शिल्लक राहतो. माणशी दिवसाला ०.८४ किलो धरला तर तिघांना तीन महिने पुरेल. म्हणजे पहिल्या तळाला बर्फाचा खरा उपयोग श्वासाला आणि पिण्याला. इंधन म्हणून? अपोलोच्या लँडरचं इंजिन हायड्रॅझिनच्या मिश्रणावर आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइडवर चालायचं. हायड्रोजन त्याला घालताच येत नाही. बर्फ सापडल्यावर इंजिन नवं करावं लागेल, हायड्रोजन उणे २५३ अंशांना साठवायच्या टाक्या कराव्या लागतील. मग गाडी पुढे.

दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला सौर वादळ येतं आणि चंद्राची धूळ पावसाचे थेंब पडावेत तशी उडताना दिसते. दृश्य सुंदर, पण साफ खोटं. प्रोटॉन धूळ उडवत नाहीत, ते मुकाट्याने शरीरातून जातात. डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि भीती त्याचीच आहे. वादळ मात्र खोटं नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये, अपोलो-१६ आणि १७ यांच्या मधल्या काळात, फार मोठं वादळ झालं. चंद्रावर तेव्हा कुणी नव्हतं हे नशीब. आडोसा म्हणून मातीचा जाड थर सर्वांत स्वस्त, आणि पोशाखातल्या माणसाने तो गाठायचा तर इशारा वेळेत हवा.

त्याच पर्वात स्पेस शटल चंद्रापर्यंत जातं. इथे जरा कागद-पेन्सिल घ्या. पृथ्वीच्या कक्षेतून चंद्राकडे निघायला सेकंदाला ३.१ किलोमीटरचा वेग वाढवावा लागतो. चंद्राभोवती थांबायला ०.९, निघायला ०.९. परतताना यान सेकंदाला ११ किलोमीटरने येतं. कक्षेतून उतरणाऱ्या शटलचा वेग ७.८. गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट, शटलच्या उष्णतारोधक फरशा तिला पुरणार नाहीत, म्हणून पृथ्वीच्या कक्षेत शिरायला आणखी ३.१ खर्च करायचे. बेरीज ८. हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनाच्या झोताचा वेग ४.४. भागाकार करून घातांक काढला की गुणोत्तर येतं ६.२ च्या जवळ. शटल सामानासकट शंभर टन, बाहेरची रिकामी टाकी तीस, एकूण १३०. म्हणजे निघताना ८०० टन, त्यातलं ६७० टन इंधन. बाहेरची टाकी पूर्ण भरली तर साधारण ७२० टन मावतं. थोडक्यात, कक्षेत पोचल्यावर जवळजवळ सगळी टाकी पुन्हा भरायची!

भरणार कोण? दुसरी शटलं. एका खेपेत पंचवीस टन धरले तर सत्तावीस खेपा. खऱ्या शटलांनी एका वर्षात सर्वाधिक उड्डाणं केली ती १९८५ मध्ये, नऊ. म्हणजे चंद्राच्या एका फेरीला तीन वर्षं शटलांनी फक्त इंधन वाहायचं, आणि तेवढ्यात हायड्रोजन उकळून उडून जातो तो वेगळाच. शिवाय शटलची मुख्य इंजिनं जमिनीवरच्या व्यवस्थेच्या मदतीने सुरू व्हायची, कक्षेत पुन्हा पेटवायला केलेलीच नव्हती. आणि वर पंख, चाकं, शेपूट हे सगळं निर्वात चंद्राची सैर करून परत आणायचं. ज्यांना चंद्रावर जायचं आहे ते शटल बांधतच नाहीत. मालिकेने शटल ठेवलं कारण १९८३ म्हटलं की प्रेक्षकाला शटलच दिसतं.

इंधन वाहण्याचा प्रश्न मालिकेला ठाऊक नसावा असं नाही, कारण पहिल्या पर्वाच्या शेवटी समुद्रातून उठतो तो ‘सी ड्रॅगन’. हा कल्पनेतला नाही. एरोजेट कंपनीत रॉबर्ट ट्रूअक्स यांनी १९६२ मध्ये त्याचा आराखडा केला होता: १५० मीटर उंच, २३ मीटर जाड, एका खेपेत ५५० टन कक्षेत. गोदीत जाड पोलादाचं वेल्डिंग करून बांधायचा, ओढत समुद्रात न्यायचा, बुडाला वजन लावून उभा करायचा आणि तिथूनच सोडायचा. पंप नाहीत, टाकीतल्या दाबानेच इंधन इंजिनात जाणार. स्वस्त, ठोकळ, आणि मला फार आवडणारा आराखडा. पण पहिल्या टप्प्याला इंजिन एकच, रेटा ३६ हजार टन. एन-१ च्या तीस इंजिनांच्या बेरजेच्या आठपट. एवढ्या मोठ्या पोकळीत ज्वाला स्थिर राहील का? एफ-१ ची पोकळी जेमतेम मीटरभर, तरी तिथे दाबाच्या लाटा उसळून १९६२ मध्ये इंजिन फुटलं होतं. मग चालू इंजिनात मुद्दाम छोटा बॉम्ब फोडायचा, लाट किती वेळात विझते ते मोजायचं, इंधन फवारणाऱ्या तबकडीवर तांब्याच्या आडभिंतींची रचना बदलायची, पुन्हा बॉम्ब. अशा सुमारे दोन हजार पूर्ण आकाराच्या चाचण्यांनंतर लाट सेकंदाच्या दहाव्या भागात विझू लागली. सी ड्रॅगनच्या इंजिनात बॉम्ब फोडून पाहायला कुठल्या देशाने मंच दिला असता, हे मालिका सांगत नाही.

अणुइंजिनाबद्दल मात्र मालिका अधिक सावध हवी होती. दुसऱ्या पर्वातलं पाथफाइंडर हे यान सी-५ मालवाहू विमानावरून सुटतं आणि नर्व्हा जातीच्या अणुइंजिनावर जातं. नर्व्हा खरं होतं. नेवाडाच्या वाळवंटात डिसेंबर १९६७ मध्ये अशी एक अणुभट्टी सलग तासभर ११०० मेगावॅटवर चालवली होती. झोताचा वेग ८.१, म्हणजे मघाच्या शटलचं ६७० टन इंधन २२० टनांवर येतं. मोठीच बचत. पण हे २२० टन नुसत्या हायड्रोजनचे, आणि द्रव हायड्रोजन घनमीटरला फक्त ७१ किलो भरतो. तीन हजारांवर घनमीटरची टाकी लागेल, शटलच्या संपूर्ण बाहेरच्या टाकीच्या दीडपट. पाथफाइंडरला बाहेरची टाकीच नाही, आणि सी-५ सव्वाशे टनांच्या वर उचलत नाही. हायड्रोजन कुठे ठेवला, हे विचारायचं नाही!

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि माझ्या मते मालिकेचं खरं गृहीत हेच आहे. हरलेली अमेरिका खर्च करत राहील, हे म्हणणं मला पटतं. नासाचा वाटा १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय अंदाजपत्रकाच्या साडेचार टक्क्यांजवळ गेला होता, आणि तो शिखरबिंदू होता. उतार आर्मस्ट्राँग उतरण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला. नासाप्रमुख जेम्स वेब यांनी ऑगस्ट १९६८ मध्ये पंधराव्या सॅटर्न-५ नंतरचं उत्पादन थांबवलं. पुढे अपोलो-२० जानेवारी १९७० मध्ये रद्द झालं आणि आणखी दोन मोहिमा त्याच सप्टेंबरमध्ये. मालिकेतला निक्सन जून १९६९ मध्ये जागा होतो तेव्हा सॅटर्नचे पुढचे सुटे भाग मागवणं थांबून दहा महिने झालेले असतात. तळ उभारायचा तर पंधरा रॉकेटं पुरणार नाहीत. आणि अशा रॉकेटच्या टाक्या, पंप, ओतकामं मागवल्यापासून हाती यायला वर्षं लागतात. कारागीर पांगलेले, पुरवठादार दुसऱ्या कामाला लागलेले. १९७३ चा तळ वेळेवर हवा असेल तर लिओनोव्हने जून १९६९ मध्ये उतरून भागत नाही. अमेरिकेला धक्का बसायला हवा तो १९६८ च्या उन्हाळ्यात, वेब यांची सही होण्याआधी.